छंदिष्टांचे जाळे आणि त्याचा नकाशा



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती रास्तच आहे. ज्या तालुक्यात अजूनही कित्येक पाड्यांवर फोन लागावा म्हणून माणसाला टेकडी चढावी लागते, तिथे संगणकांच्या जाळ्याचा नकाशा घेऊन काय करायचे? नाशिकला किंवा मुंबईला हा विषय शोभला असता. पण आमचे म्हणणे नेमके उलट आहे. ज्याच्या दारात दहा वाटा आहेत त्याला वाटांचा नकाशा लागत नाही. ज्याच्याकडे एकच वाट आहे, आणि तीही पावसाळ्यात भरवशाची नाही, त्यालाच नकाशाची खरी गरज. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम इथे निवडला आहे.

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊ. नार नदीत मासे धरणाऱ्या माणसाला जाळे म्हणजे काय हे आम्ही शिकवण्याची आवश्यकता नाही. जाळ्यात दोनच गोष्टी असतात: गाठी, आणि दोन गाठींमधला दोरा. संगणकांच्या जाळ्यातही तेवढेच असते. प्रत्येक संगणक ही एक गाठ. इंग्रजी जाणणारे तिला नोड म्हणतात. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे निरोप जाण्याचा जो मार्ग, तो दुवा. मग तो दुवा तारेचा असो, टेलिफोनचा असो किंवा रेडिओच्या लहरींचा असो. आणि नकाशा म्हणजे कोणत्या गाठी आहेत आणि कोण कोणाशी जोडलेला आहे, याची कागदावर मांडलेली खरी हकीकत. 'खरी' हा शब्द आपण लक्षात ठेवावा. आजचे सारे व्याख्यान त्या एका शब्दाभोवती फिरणार आहे.

आता गोष्ट सांगतो ती सरकारने किंवा कंपनीने बांधलेल्या जाळ्याची नव्हे. ही आहे हौशी माणसांची, छंदिष्टांची. १९८४ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे टॉम जेनिंग्ज नावाचा एक तरुण राहत होता. त्याने घरच्या संगणकावर चालणारा एक सूचनाफलक तयार केला. त्या काळी संगणकाला मॉडेम नावाची पेटी जोडून ती टेलिफोनच्या तारेत लावीत. दुसऱ्याने आपल्या घरून फोन फिरवला, की दोन्हीकडच्या पेट्या शीळ घातल्यासारखा आवाज करीत आणि अक्षरे तारेवरून जाऊ लागत. पाहुण्याने फळ्यावरचे निरोप वाचावेत, आपला निरोप लिहावा आणि फोन ठेवावा. गावच्या चावडीवरच्या फळ्यासारखाच हा फळा. फरक इतकाच, की एका वेळी एकालाच त्याच्यासमोर उभे राहता येई. जेनिंग्जने आपल्या फळ्याला नाव दिले 'फिडो'. आपल्याकडे कुत्र्याला मोती म्हणतात तसे तिकडचे हे नाव.

देशाच्या दुसऱ्या टोकाला, बाल्टिमोर शहरात, जॉन मॅडिल याच्याकडेही असाच फळा होता. दोघांना एकमेकांना निरोप पाठवायचे होते, पण दिवसा एवढ्या लांबचा फोन परवडेना. रात्री दर उतरत. तेव्हा जेनिंग्जने युक्ती काढली. दिवसभर लोकांनी लिहिलेले बाहेरगावचे निरोप संगणकाने साठवून ठेवायचे, आणि मध्यरात्र उलटल्यावर, माणसे झोपलेली असताना, एका संगणकाने दुसऱ्याला फोन करून ती सगळी थैली एका दमात पोचती करायची. १९८४ च्या जूनमध्ये ह्या दोन गाठी आणि एक दुवा एवढ्यावर जाळे सुरू झाले. त्याचे नाव पडले फिडोनेट.

ह्यात यंत्राचा चमत्कार थोडा आणि टपालखात्याचा शहाणपणा जास्त आहे, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. जुन्या काळी टपाल नेणारा हरकारा पत्रागणिक धावत नसे. थैली भरली आणि वेळ झाली की निघे. ह्या हौशी मंडळींनीही तेच केले. आणि थैलीची वेळ सर्वांनी मिळून ठरवली. रात्रीचा एक तास असा, की त्या तासात जाळ्यातल्या प्रत्येक गाठीने दुसरे सर्व काम बंद ठेवून फक्त टपाल घेण्यास सिद्ध असले पाहिजे. पुढे हे जाळे जगभर पसरल्यावर प्रत्येक खंडासाठी असा वेगळा तास नेमला गेला. आशियासाठी नेमलेला तास आपल्या घड्याळाने रात्री दीड ते अडीच असा येई. ह्या तासाला जो जागा, तो जाळ्यात. जो झोपला, तो जाळ्याबाहेर. सभासदत्वाची याहून सोपी व्याख्या आम्हांला माहीत नाही.

पण कोणाला फोन करायचा हे संगणकाला कसे कळावे? त्यासाठी यादी हवी. कोणती गाठ कोणत्या गावी, तिचा क्रमांक काय, टेलिफोन काय, ती कोण चालवतो, किती वेगाने ऐकते. हीच ती नोडलिस्ट, म्हणजे गाठींची यादी. आणि फिडोनेटचा नकाशा म्हणतात तो हाच. रेषा नाहीत, रंग नाहीत. एका ओळीला एक गाठ, एवढेच. ही यादी दर शुक्रवारी नवी निघे. सारी यादी पुन्हा पाठवणे महाग पडे म्हणून गेल्या आठवड्यापासून काय बदलले तेवढेच पाठवले जाई आणि प्रत्येकाचा संगणक आपल्या घरची यादी सुधारून घेई.

यादी चुकली की काय होते, हे ह्या मंडळींना फार लवकर कळले. आरंभी जेनिंग्ज एकटाच ती लिहीत असे. एखाद्या टेलिफोन क्रमांकात एक आकडा इकडचा तिकडे झाला, की मध्यरात्री एखाद्या भलत्याच गृहस्थाच्या घरी घंटा वाजे. बिचारा डोळे चोळत फोन उचली, तो पलीकडून शीळ! ठेवून देई, तो पुन्हा घंटा. कारण संगणकाला लाज नसते. उत्तर मिळेपर्यंत तो पुन्हा पुन्हा फोन करीत राहतो, आणि तोही एकच संगणक नव्हे, ज्यांच्या ज्यांच्या यादीत ती चूक उतरली ते सारे. कागदावरच्या एका चुकीच्या अक्षराने एका निरपराध माणसाची झोप जाते. नकाशा खरा असला पाहिजे असे आम्ही म्हणतो ते याकरिता.

१९८४ च्या अखेरीस सेंट लुईस येथील केन कॅप्लन आणि बेन बेकर यांनी यादीचे काम अंगावर घेतले, आणि पुढे एक नियम रूढ झाला. त्याचे आम्हांला फार कौतुक वाटते. ज्याला यादीत नाव घालायचे असेल त्याने आपला अर्ज जाळ्यामार्फतच पाठवावा. पत्राने नको, तोंडी नको, ओळखीने तर नकोच. तुमच्या संगणकाने यादी ठेवणाऱ्याच्या संगणकापर्यंत निरोप पोचवला, आणि त्याचे उत्तर तुमच्या संगणकाने घेतले, की तुम्ही गाठ झालात याचा पुरावा मिळाला. आपल्याकडे अर्जासोबत दाखला जोडावा लागतो. इथे अर्ज पोचणे हाच दाखला.

आता वाढीची गोष्ट. दोनाचे तीस झाले, आणि १९८५ च्या फेब्रुवारीपर्यंत १६० च्या पुढे गाठी गेल्या. मूळ कार्यक्रमात २५० च्या पलीकडे गाठींना जागाच नव्हती. शिवाय एक विसंगती दिसू लागली. एका शहरातून दुसऱ्या एकाच शहराकडे वीस निरोप जायचे असतील, तर वीस वेगळे लांबचे फोन होत. वणीच्या बाजाराला निघालेल्या वीस माणसांनी वीस वेगळ्या जीपगाड्या कराव्यात तसा हा प्रकार! १९८५ च्या जूनमध्ये सारे जाळे नव्या रचनेवर आणले गेले. एका भागातल्या गाठींचा एक गट, गटाचा एक यजमान. लांबचे टपाल यजमानाकडे एका थैलीत येणार आणि तो ते स्थानिक, स्वस्त फोनने आपापल्या घरी पोचवणार. पुढे ह्या गटांवर खंडवार विभाग आले: उत्तर अमेरिकेचा पहिला, युरोपाचा दुसरा, आणि असे करीत आशियाचा सहावा. पत्ता झाला विभाग, गट, गाठ.

हा पत्ता आपल्याला नवा वाटण्याचे कारण नाही. मुक्काम अमुक, पोस्ट तमुक, तालुका सुरगाणा, जिल्हा नाशिक: हाच तो पत्ता, फक्त उलट्या क्रमाने. पत्र टाकणाऱ्याला वाट ठाऊक असावी लागत नाही. जिल्ह्याला तालुका ठाऊक, तालुक्याला पोस्ट ठाऊक, पोस्टमनला घर ठाऊक. प्रत्येकाने आपल्यापुरते जाणावे आणि पुढच्यावर विश्वास ठेवावा. ह्या व्यवस्थेच्या जोरावर, कोणी पगारी नोकर नसताना, फिडोनेट १९९० च्या दशकाच्या मध्यात तीस हजारांहून अधिक गाठींपर्यंत पोचले.

आपल्या देशातही ह्या छंदाची मुळे रुजली, आणि त्यात बेळगावचा वाटा आहे हे सांगताना आम्हांला आनंद होतो. अतुल चिटणीस हे जन्माने बर्लिनचे, पण वाढले बेळगावात. १९८९ मध्ये त्यांनी बंगलोर येथे 'सिक्स' नावाचा फळा सुरू केला. देशातील अगदी पहिल्या फळ्यांमध्ये त्याची गणना होते. मुंबईत सुचित नंदा यांचा 'लाइव्ह वायर' हा फळा प्रसिद्धीस आला. त्या काळच्या अशा फळ्यांपैकी काहींनी फिडोनेटशी दुवा जोडला होता. तो काळ डोळ्यांसमोर आणा. १९९१ साली सबंध देशात टेलिफोन होते सुमारे ५० लाख, आणि माणसे ८४ कोटींच्या वर. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा वेळी घरचा एकुलता एक टेलिफोन रात्री लोकांसाठी मोकळा सोडणे म्हणजे घरच्या विहिरीवर गावाला पाणी भरू देण्यासारखे होते.

आणि विहिरीवर कर बसण्याचीही वेळ आली. १९९४ च्या सुमारास दूरसंचार खात्याने अशा फळ्यांसाठी दरसाल लाखो रुपयांचे परवाना शुल्क योजले. व्यापारी कंपनीला ते जड नसेल, पण खोलीत एक संगणक ठेवून पदरमोड करणाऱ्या हौशी माणसाने ते कोठून आणावे? छंदिष्टांनी एकत्र येऊन विरोध केला, लिहिले, भांडले. इतक्यात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले आणि फळ्यांचे दिवस हळूहळू मावळले. चिटणीस पुढे मुक्त संगणकप्रणालीच्या प्रसारात रमले आणि २०१३ मध्ये निवर्तले. आशियाचा सहावा विभागही २००७ मध्ये मोडला आणि उरलेल्या गाठी तिसऱ्या विभागात गेल्या. यादीतून एकेक ओळ गळत गेली. पण ज्या आठवड्यात जे गळले त्या आठवड्याच्या यादीत ते दिसते. आणि म्हणून त्या जाळ्याचा उदय जितका स्वच्छ वाचता येतो, तितकाच अस्तही.

येथवर आपण गाठींचा नकाशा पाहिला. पण गाठी ठाऊक झाल्या म्हणजे जाळे ठाऊक झाले असे नव्हे. दोऱ्यांचे काय? त्याच सुमारास विद्यापीठांच्या आणि प्रयोगशाळांच्या संगणकांचे यूजनेट नावाचे दुसरे जाळे वाढत होते. तेही टेलिफोनवर चाले, पण त्याचा पत्ता मात्र वेगळ्या तऱ्हेचा. त्यात मुक्काम पोस्ट नसे, वाटच सांगावी लागे. अमक्या संगणकाकडून तमक्याकडे, तिथून पलीकडच्याकडे, आणि मग माझ्याकडे. 'वणीहून पुढे या, बोरगावला उतरा, तिथून सुरगाण्याची गाडी धरा, आणि देवळापाशी कोणालाही विचारा' असे आपण पाहुण्याला सांगतो ना? अगदी तसे.

अशा जाळ्यात वाटांची नोंद ठेवल्याशिवाय गत्यंतर नव्हते. म्हणून प्रत्येक केंद्राने आपले दुवे स्वतः लिहून पाठवावेत अशी प्रथा पडली, आणि त्या नोंदीत दुव्याची किंमतही लिहिली जाई: हा दुवा कायमचा आहे, हा तासातासाला जोडला जातो, हा दिवसातून एकदा, हा फक्त संध्याकाळी. पीटर हनीमन आणि स्टीव्हन बेलोविन यांनी एक कार्यक्रम लिहिला. तो ह्या सर्व नोंदी वाचून कोठूनही कोठेही जाण्याची सर्वांत स्वस्त वाट काढून देई. बंधूंनो, ह्या नकाशात मैल कोठेच नाहीत. दूरचे गाव रोज भेटत असेल तर ते जवळचे, आणि शेजारचे गाव आठवड्यातून एकदा भेटत असेल तर ते दूरचे.

ह्या नकाशांनी एक गोष्ट उघडी केली. असंख्य वाटा शिकागोजवळच्या एका प्रयोगशाळेतील एकाच संगणकावरून जात. लोक आपला पत्ता सांगताना त्याच नावापासून आरंभ करीत. सोय तर मोठीच! पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथून परक्यांचे टपाल पुढे पाठवणे बंद झाले, आणि शेकडो लोकांचे पत्ते एका निर्णयाने निरुपयोगी ठरले. ज्यांनी नकाशा वेळीच वाचला होता त्यांच्याजवळ दुसरी वाट तयार होती. बाकीचे तहान लागल्यावर विहीर खणू लागले.

आता नकाशा वाचावा कसा, याचे थोडे गणित सांगतो. घाबरू नका, चौथीच्या पलीकडचे नाही. समजा, वीस गावे एकमेकांना जोडायची आहेत. कमीत कमी किती दुवे लागतील? एकोणीस. झाडासारखे: खोड, फांद्या, पाने. पण झाडाचा धर्म असा, की कोणतीही फांदी तुटली की तिच्यावरची सारी पाने एकदम गळतात. एकोणीसांपैकी कोणताही एक दुवा तुटला, की जाळ्याचे दोन तुकडे. मग प्रत्येक गावाने प्रत्येक गावाशी दुवा जोडावा काय? तसे केले तर १९० दुवे लागतील. ते कोणालाच परवडणार नाही. ह्या दोहोंच्या मधे एक तिसरी वाट आहे. वीस गावांचे एक रिंगण करा. त्याला दुवे लागतात वीस. वारीच्या रिंगणात शेवटचा आणि पहिला भेटतात, तसे शेवटच्या गावाने पहिल्याचा हात धरायचा. आता कोणताही एक दुवा तुटू द्या. निरोप उलट्या बाजूने फिरून पोचेल. लांबून जाईल, उशिरा जाईल, पण पोचेल. एकोणीस आणि वीस ह्यांत फरक एका दुव्याचा. तो एक दुवा कोठे घालावा हे मात्र नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेत पॉल बॅरन नावाच्या अभियंत्याने हाच विचार १९६४ साली मोठ्या प्रमाणावर मांडला होता. सारे दुवे एका केंद्राकडे नेलेत तर शत्रूला एकच घाव पुरतो. गाठीगाठींना दोन-तीन वाटा ठेवल्यात तर जाळे जखमी होऊनही जगते. त्यांना भीती होती अणुबाँबची. आपल्याला भीती आहे आषाढ-श्रावणाची. दरड कोसळते, फरशीपूल पाण्याखाली जातो, विजेची तार तुटते. बाँब नसेना का, परिणाम त्या गावापुरता तोच. ज्या घरात त्या रात्री सर्पदंश झाला असेल किंवा बाळंतीण अडली असेल, त्या घराला जाळ्याची व्याख्या कोणी सांगावी लागत नाही.

म्हणून आता सुरगाण्याकडे वळू. आपला तालुका नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला. १९४८ पर्यंत हे संस्थान होते. त्यानंतर ते मुंबई राज्यात आले. जिल्ह्याच्या नकाशात पाहिले तर सुरगाणा हे झाडाचे टोकाचे पान दिसते: नाशिक, मग दिंडोरी आणि वणी, मग बोरगाव, मग सुरगाणा, आणि त्यापुढे उंबरठाण, बाऱ्हे अशी गावे, आणि त्यांच्याही पुढे पाडे. ह्या नकाशात सीमेवर रेषा संपते. पण माणसांचे दुवे सीमेवर संपतात काय? नातीगोती, बाजारहाट, कोकणा बोली हे सारे डांगात आणि धरमपुराकडे सरळ उतरून जाते. २०२२ च्या अखेरीस सीमेवरच्या काही गावांनी सोयींच्या अभावी गुजरातेत सामील करण्याची मागणी केली, तेव्हा वर्तमानपत्रांतून तिची मोठी चर्चा झाली. त्या मागणीच्या राजकारणात आम्हांला शिरायचे नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की सरकारी नकाशात जे टोकाचे पान आहे, ते दुव्यांच्या नकाशात मधली गाठ असू शकते. पण तो नकाशा अजून कोणी काढलेला नाही. काढायचा तर तो तुम्हीच काढला पाहिजे, कारण कोणता पाडा कोणत्या बाजूने जगाशी बोलतो हे मुंबईत बसलेल्याला दिसत नाही.

आज अशा हौशी जाळ्यांसाठी टेलिफोनचीही गरज उरलेली नाही. २०२० मध्ये अमेरिकेतील केव्हिन हेस्टर यांनी 'मेशटास्टिक' नावाचा कार्यक्रम सुरू केला. तळहाताएवढा रेडिओ, त्यात हा कार्यक्रम, आणि सोबत साधा मोबाइल. ना मनोरा, ना सिमकार्ड. एका रेडिओने लिहिलेला छोटा निरोप दुसरा ऐकतो आणि पुढे उच्चारतो, तिसरा त्यापुढे. निरोप अनंतकाळ घुमत राहू नये म्हणून तो किती वेळा पुढे द्यायचा ह्याला मर्यादा असते. सामान्यतः तीन वेळा. वेग म्हणाल तर १९८४ च्या मॉडेमच्याच तोडीचा. चित्र जाणार नाही, आवाज जाणार नाही. चार ओळी मात्र जातील. अशा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी आपल्या सरकारने ८६५ मेगाहर्ट्‌झपासून पुढचा लहरींचा एक लहान पट्टा, ठरवून दिलेल्या मर्यादेत, परवान्यावाचून खुला ठेवला आहे. याहून लांब बोलण्याची हौस असेल, तर परीक्षा देऊन हौशी रेडिओचा रीतसर परवाना मिळतो.

आणि येथे आपला डोंगर आपल्या उपयोगी पडतो. ह्या लहरी साधारणपणे दृष्टीच्या रेषेत जातात. सपाटीपासून १०० मीटर उंच असलेल्या गाठीला, मधे आडोसा नसेल तर, सुमारे ४० किलोमीटरचे क्षितिज मिळते; ४०० मीटरवर ते ८० होते. खोऱ्यातले दोन पाडे अर्ध्या कोसावर असूनही एकमेकांना ऐकू शकत नाहीत, पण दोघांनाही दिसणाऱ्या कड्यावर एक गाठ बसवली की दोघे जोडले जातात. पूर्वी हतगडासारख्या किल्ल्यांच्या जागा निवडल्या गेल्या त्या वाटांवर नजर राहावी म्हणून. जो डोंगर आडवा येतो, त्याचा माथा मध्यस्थही होतो. कोणता माथा किती पाड्यांना दिसतो, हे गुराख्याइतके अचूक कोण सांगेल?

शेजारच्या पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने 'ग्राममार्ग' हा प्रयोग केला. दूरदर्शनच्या रिकाम्या पडलेल्या लहरी वापरून खामलोली आणि आसपासच्या गावांना जोडण्याचा तो यत्न होता. पुढे त्याला २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळाले. तो तज्ज्ञांचा प्रयोग, मोठ्या साधनांचा. आम्ही सुचवतो ते त्याहून फार लहान आहे, आणि त्याच्या मर्यादाही सांगतो. चार ओळींचा रेडिओ म्हणजे दवाखाना नव्हे, आणि मनोऱ्याची मागणी सोडून देण्याचे निमित्त तर मुळीच नव्हे. उलट, हातात खरा नकाशा असेल तर ती मागणी अधिक नेमकी करता येते. 'आम्हांला सोयी द्या' ह्या अर्जापेक्षा 'ह्या सात पाड्यांना एकच दुवा आहे, तो गेल्या पावसाळ्यात इतके दिवस तुटला होता, आणि ह्या माथ्यावर दुसरी गाठ बसवल्यास सातही पाड्यांचे रिंगण पुरे होते' हा अर्ज कोणत्याही अधिकाऱ्याला बाजूला सारणे अवघड जाईल.

तर मग आरंभ कसा करावा? यंत्र घेण्याआधी कागद घ्या. शाळेतली मुले आणि मुली, आशाताई, ग्रामसेवक, किराणा दुकानदार, जीपवाले, एस.टी.चे वाहक: ह्यांच्याइतकी दुव्यांची माहिती कोणाला नाही. प्रत्येक पाड्याची एक ओळ करा. निरोप कसा जातो, कोणामार्फत जातो, कोणत्या वेळी जातो, किती खर्च येतो, आणि ही वाट तुटली तर दुसरी कोणती. एखाद्याला आपला फोन क्रमांक जगजाहीर करायचा नसेल, तर तो लिहू नका. फिडोनेटच्या यादीतही अशा खासगी गाठींची सोय होती; त्यांचे नाव यादीत असे, क्रमांक नसे, आणि टपाल यजमानामार्फत जाई.

आणि त्या छंदिष्टांचे तीन नियम त्या कागदाच्या डोक्यावर लिहा. पहिला: निरोप प्रत्यक्ष जाऊन उत्तर परत आले, तरच दुवा मांडायचा, 'रेंज असते म्हणे' एवढ्यावर रेषा ओढायची नाही. दुसरा: प्रत्येक ओळीला तारीख हवी, आणि गाठ बंद असेल तर बंद असे लिहायचे. फिडोनेटच्या यादीत बंद पडलेल्या गाठीपुढे तसा स्पष्ट शब्द असे. लाज वाटून तो खोडला, तर त्या नावावर विसंबून निघालेला निरोप वाटेतच मरेल. तिसरा: ठरलेल्या तासाला जागे राहायचे. दिवसभर कोणी काही करो. पण संध्याकाळचा एक तास असा असावा, की त्या वेळी प्रत्येक पाड्यावर कोणीतरी ऐकतो आहे हे सर्वांना ठाऊक असावे.

तार, लहर, पेटी ही साधने बदलत गेली आणि पुढेही बदलतील. दोन गाठींमधला दुवा मात्र कोणत्याही काळी दोन माणसांनी पाळलेला शब्दच असतो. यजमान रात्री दीड वाजता आपला संगणक चालू ठेवी, तेव्हा तो पलीकडच्या न पाहिलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळत होता. असे शब्द पाळणारी माणसे ह्या तालुक्यात किती आहेत, आणि कोठे कोठे आहेत, ह्याची यादी म्हणजेच सुरगाण्याचा नकाशा. पावसाळ्याला अजून अवकाश आहे. येत्या शुक्रवारी पहिली यादी करा. ती अपुरी असेल. त्यापुढच्या शुक्रवारी ती सुधारा. मृगाच्या आत आठ-दहा शुक्रवार हाती लागले, तर पहिली दरड कोसळेल तेव्हा कोणाचा दुवा तुटला आणि कोणत्या बाजूने फिरून जायचे, हे आपल्याला आधीच ठाऊक असेल.